कावळ्याला न विचारलेला प्रश्न

दहाव्या दिवशी अरुणावतीच्या काठी जाताना मी पर्समध्ये यादी घेऊन गेले होते. नवऱ्याच्या पिंडाला कावळा शिवावा म्हणून त्याला काय काय कबूल करायचं, त्याची यादी. सहा कलमं होती. गेलेल्याचं मन कशात अडकलेलं असलं तर कावळा पिंडाजवळ येत नाही. मग घरचे एकेक जण पुढे होऊन 'तुमचं ते आम्ही पाहू' असं सांगतात आणि नेमकी ती गोष्ट बोलली गेली की तो येतो. हे मी लहानपणापासून पाहत आले. माझा त्यावर विश्वास आहे का, हे त्या आठवड्यात स्वतःला विचारावंसंही वाटलं नाही. करायच्या कामांत ते एक काम होतं आणि तयारीशिवाय कुठे जायची मला सवय नाही.

मी आर्णीच्या सरकारी दवाखान्यात औषधं देते. राहतो दिग्रसला, त्यामुळे रोजची एसटी. ज्या औषधाची मुदत आधी संपते ते आधी बाहेर काढायचं, हा आमच्या भांडाराचा नियम. यादीही मी तशीच लावली. सगळ्यांत वर सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन, कारण तारीख जवळ आलेली. मग कॉलेजच्या ग्रंथालयाची अकरा पुस्तकं, जी वर्षभर आमच्या घरात होती. मग मुलाचं लग्न. मग गावच्या शेताचा धुरा. त्या बांधावरून माझ्या भासऱ्यांचं, म्हणजे मोठ्या दिरांचं, आणि यांचं आठ वर्षं वाजलेलं होतं. मग मोरीतला गळका नळ, जो 'मी स्वतः बदलतो' असं ते दिवाळीपासून म्हणत होते. शेवटी गच्चीवरच्या कुंड्या.

ते फेब्रुवारीतल्या एका सकाळी बुटाची लेस बांधताना गेले. एका बुटाची बांधून झाली होती. दिग्रसच्या ज्युनिअर कॉलेजात ते इंग्रजी शिकवत, निवृत्तीला तीन वर्षं बाकी होती. मी नाडी पाहिली, घड्याळ पाहिलं, शेजारच्या गॅरेजवाल्या भाईंना हाक मारली, पुण्याला मुलाला फोन केला. सगळं क्रमानं. त्या क्रमातून मी पुढे कितीतरी दिवस बाहेर आलेच नाही. रडू आलं नाही. वाईट वाटत होतं का, तेही सांगता येणार नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, तेव्हा गाल आपलाच असतो, पण चावला गेला तरी कळत नाही. तसं.

नदीवर आम्ही दहाएक जण होतो. मुंडण केलेला मुलगा, विधी सांगणारे गुरुजी, भासरे, नणंद, काही नातेवाईक. जरा लांब, एका बाभळीखाली, गॅरेजवाले भाई हातात रुमाल धरून उभे होते. यांची आणि त्यांची वीस वर्षांची दोस्ती. कावळे होते, नव्हते असं नाही. पण सगळे त्याच बाभळीवर.

भासरे ओरडले, "ओ भाई, इकडे या जरा. तुमच्या डोक्शावरच बसून हायेत ते."

"मी कायले अडवू त्यायले?" भाई तिथूनच म्हणाले. "मी तं उलटा बलावून राह्यलो." तरी ते बाजूला झाले.

एक कावळा उतरला. पिंडापासून दोन हातांवर आला, मान तिरकी करून पाहिलं आणि परत गेला. मग मी यादी काढली. पेन काढलं. पहिलं कलम मोठ्यानं वाचलं, "आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरल्या तारखेला होईल. मी रजा टाकली आहे." थोडं थांबले. काही झालं नाही. खूण केली आणि दुसरं वाचलं, "ग्रंथालयाची अकरा पुस्तकं परत होतील."

मागून नणंदेचा आवाज आला, "हजेरी घेऊन राह्यली काय व हे?"

तिसऱ्या कलमाला मुलगा स्वतःच पुढे झाला. "पप्पा, मी लग्न करीन."

"कोनाशी?" नणंदेनं विचारलं.

"आत्या, आता नको."

"काहून नको? नाव सांगतल्याबिगर कसे मानतील ते? तुले काय, आज करीन म्हनशीन, उद्या पुन्याले पळशीन."

दोघंतिघं हसले आणि लगेच गप्प झाले. कावळा जागचा हलला नाही.

चौथं कलम मी वाचणार तोच भासरे चपला काढून पाण्याच्या बाजूनं पुढे गेले. त्यांनी हात जोडले नाहीत. भांडायला उभे राहावं तसे उभे राहिले. "धुऱ्याचं सोडलं मी. ते दोन हात जागा तुह्यी. घे. झालं समाधान?" आठ वर्षांत ते आणि हे एका ताटाला बसले नव्हते. सगळे बाभळीकडे पाहू लागले. कावळ्यानं पंख झाडले आणि पुन्हा मिटून घेतले. भासरे बरंच थांबले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "त्याच्या मनात धुरा नव्हताच मंग." थोड्या वेळानं, "आता बोललो तं बोललो."

नळ आणि कुंड्याही वाचून झाल्या. तास गेला. ऊन चढलं तसे गुरुजी म्हणाले, "दर्भाचा करू, ताई. चालते. आजकाल लय ठिकानी तसंच करा लागते." त्यांनी दर्भाच्या काड्यांचा कावळा केला, तो मुलाच्या हातानं पिंडाला लावला आणि विधी पूर्ण झाला. माझ्या यादीवर सहा खुणा होत्या आणि काम झालेलं नव्हतं.

परतताना मी गाडीत पुढे होते. मागच्या सीटवर नणंद कुणाला तरी हळू सांगत होती, "एक टिपूस नाई व डोयातून. बायकोच रडली नाई, मंग कसा शिवन तो?" ती वाईट बाई नाही. दहा दिवस तिनंच घरात पोळ्या लाटल्या होत्या आणि लाटता लाटता रडली होती. मी बाहेर पाहत राहिले. तुरी काढून झालेली शेतं होती, नुसती खुंटं उरलेली. घरी आल्यावर यादीच्या तळाशी सातवं कलम लिहिलं, 'त्यांचं काय राहिलं होतं?' खुणेसाठी समोर चौकट आखली. ती रिकामी राहिली.

तेरवीपर्यंत माणसं भेटीला येत होती. मी वही ठेवली होती, कोण कधी आलं त्याची, कारण त्यांच्या सुखदुःखाला आपल्यालाही जावं लागतं. बहुतेक यांचे जुने विद्यार्थी. एक तुरीचा व्यापारी, एक एसटीतला कंडक्टर, ब्युटी पार्लर चालवणारी एक, पोलिसातला एक. येत, पाणी घेत, फोटोकडे पाहत आणि थोड्या वेळानं सगळ्यांचं गाडं एकाच ठिकाणी येई, "सरांची ती पाखराची कविता, मॅडम." इंग्रजीत नापास झालेलेही तेच म्हणत. व्यापाऱ्यानं तर चार ओळी म्हणूनही दाखवल्या. उच्चार सगळे आमच्याकडचे, अर्थ विचारला असता तर सांगता आला नसता, पण ताल अगदी बरोबर. ज्यानं कवितेचं नाव काढलं त्याच्यासमोर मी बारीक फुली करायला लागले. तेराव्या दिवशी पाहिलं तर वहीचं पान फुल्यांनी भरलं होतं.

ती कविता अभ्यासक्रमात नव्हती. इंग्रजीतली फार जुनी, काळोखी कविता. जिच्यावर जीव होता ती बाई गेलेला एक माणूस, त्याच्या घरात शिरलेला एक काळा पक्षी आणि माणसानं काहीही विचारलं तरी पक्ष्याचं ठरलेलं एकच उत्तर. "आपल्या कावळ्याचा भाऊबंदच समज," असं हे म्हणत. दर डिसेंबरात एक तास ते त्या कवितेला देत. आधी वाचून दाखवत आणि मग वर्गाचे दोन भाग करत. अर्धे माणूस, अर्धे पक्षी. माणसांनी आपापला प्रश्न विचारायचा, कवितेतला नाही, स्वतःचा. पक्ष्यांना एकच उत्तर द्यायची परवानगी. पोरांसाठी त्यांनी ते उत्तर साधं 'नाही' करून ठेवलं होतं. "यवतमाळले नंबर लागल का?" "नाही!" "ते माह्याकडं पाहीन का?" "नाही!" हसण्याचा आवाज प्राचार्यांच्या खोलीपर्यंत जाई म्हणतात.

म्हणतात, कारण मी कधी गेले नाही. "एकदा ये, मागच्या बाकावर बस," असं ते जवळजवळ दर वर्षी म्हणत आणि दर वर्षी त्या दिवशी माझी औषधसाठ्याची मोजणी असे. कविता मला नुसती आवाजानं माहीत होती. ते दाढी करताना म्हणत आणि मी दाराबाहेरून 'गीझर चालू आहे' असं सांगत असे.

वहीतल्या फुल्यांबद्दल मी भाईंना बोलले. ते यांचे विद्यार्थी नव्हते, पण कविता त्यांनाही ठाऊक होती. "मी गाडीखाली असलो का सर वरून म्हनत," ते म्हणाले. "अर्धी समजली नाई, भाभी. पन माहा पाना थांबे."

"काहून?" मी विचारलं. घरात प्रमाण बोलते, भाईंशी बोलताना आपोआप तसं येतं.

"आता काहून काय सांगू. मले पह्यलं वाटलं, हा मानूस येडा हाय. पाखराले एकच बोलता येते हे त्याले मालूम पडलं, तरी इचारूनच राह्यला." भाईंनी हात पुसले. "मंग वाटलं, माह्याकडं तं रोज असेच येते. इंजिन बसलं हे त्यायले घरूनच मालूम असते. तरी धा डाव इचारते, चालू होईन नं भाई? होईन नं? मी आडवं-तिडवं बोललो का इथंच बसून राह्यते दिवसभर. साफ नाई म्हनलो का उठते, चहा पेते, अन् घरी जाते. नाई म्हनल्याबिगर कोनी चहा पेत नाई, भाभी."

मी ते ऐकलं आणि मोटारीच्या इन्शुरन्सचं काय करायचं ते विचारलं. त्या दिवसांत माझं असंच चालू होतं.

मुलगा पुण्याला गेल्यावर एका रविवारी मी यांचं कपाट काढलं. सातव्या कलमासाठीच. एकेक खण, एकेक फाइल, डायऱ्या. मला काय सापडायला हवं होतं कोण जाणे. एखादं अर्धवट राहिलेलं पत्र, कुणाला दिलेला शब्द. काही नव्हतं. विजेची बिलं महिन्यावार लावलेली होती, ती मीच लावलेली. मग ग्रंथालयाची पुस्तकं परत द्यायला मोजून बाहेर काढली, तर एकातून घडी घातलेला झेरॉक्सचा कागद पडला. कविता. घडीवर विरलेली, दोनदा चिकटपट्टी लावलेली. चारी बाजूंच्या समासात यांच्या बारीक अक्षरात प्रश्न होते, प्रत्येकापुढे वर्ष आणि 'नाही'. दर वर्षीच्या तासातला एखाददुसरा प्रश्न त्यांनी टिपून ठेवला होता, पोरांच्याच भाषेत. 'बाप दारू सोडल का?' 'मले उंची येईन का?' 'दिग्रसात समुद्र येईल का?' 'सर, तुमी कधी रागावसान का?' यादीवाली म्हणून ते मला आयुष्यभर चिडवत आले आणि ही त्यांची स्वतःची यादी. मला माहीत नसलेली.

एका प्रश्नापुढे 'नाही' नव्हतं. 'बाबा येतील का?' आणि त्याच्यापुढे, 'उत्तर दिलं.'

तो दिवस मला आठवला. ते घरी आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले. मी दवाखान्याचं औषधांचं मागणीपत्र भरत होते. ते म्हणाले, "आज एका मुलीनं वर्गात विचारलं. वडील वारले तिचे, महिना झाला." मी म्हटलं, "हं. मग?" ते म्हणाले, "मग काही नाही. पोहे कर थोडे." मी केले. काय उत्तर दिलं, ते मी विचारलं नाही.

कविता मी वाचून काढली. दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत, शब्दकोश घेऊन, चार दिवस लागले. पहिलं मत माझं भाईंसारखंच. हा माणूस अगदीच अव्यवस्थित आहे. पक्ष्याला एकच शब्द येतो हे दुसऱ्या प्रश्नातच कळतं, मग बाकीचे प्रश्न कशाला? पण चौथ्या दिवशी डबा बंद करून मी खिडकीवर गेले, तर रांगेत रोजच्या म्हाताऱ्याचा मुलगा उभा होता. गोळ्या हातात घेऊन त्यानं रोजचंच विचारलं, "यानं बरं वाटन नं, मॅडम?" मी रोजचंच उत्तर दिलं, "डॉक्टरांना विचारा." बाप आता बरा होणार नाही हे त्याला ठाऊक होतं. डॉक्टरांनी तसं लिहिलेला कागद त्याच्याच हातात होता. तरी तो रोज विचारत होता, आणि नोकरीला लागल्यापासून असं विचारणाऱ्या एकालाही मी कधी उत्तर दिलेलं नव्हतं. ते माझं कामही नाही. पण त्या दुपारी रांग संपेपर्यंत मला ते जाणवत राहिलं, शर्टाच्या मागे लेबल टोचावं तसं.

मग नदीचं आठवलं. आम्ही सगळ्यांनी कावळ्याला सांगितलं होतं. हे करू, ते सोडू, अमुक होईल. एकानंही त्याला काही विचारलं नाही. आमच्याकडे माणसं कबूल करतात आणि पक्ष्यानं 'हो' म्हणायचं असतं. तो 'हो' म्हणाला नाही की गवताचा करून त्याच्याकडून म्हणवून घेतो. त्या कवितेत उलटं आहे. तिथे माणूस विचारतो आणि पक्षी 'नाही' म्हणतो, आणि कुणीही मध्ये पडून ते गोड करत नाही. अर्थ न कळताही ती पोरांच्या डोक्यात इतकी वर्षं का राहिली, याचं मला तेव्हा थोडंसं कळलं. बाकी सगळीकडे त्यांना 'होईल, होईल' ऐकायला मिळतं.

जुलैत एक तरुण बाई घरी आली. साडीची पिन नीट लावलेली, हातात नवीन हजेरीपट. "मी सरांच्या जागी लागली, मॅडम. तासिका तत्त्वावर," म्हणजे पक्की नोकरी नव्हे, जितके तास तितकाच पगार. तिला तो झेरॉक्सचा कागद हवा होता. ग्रंथालयात पुस्तक मिळालं, पण त्यात 'सरांचे समास' नव्हते. मी कागद आणला. तिनं घडी उघडली आणि सरळ त्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"हा माहा," ती म्हणाली.

मी तिला बसायला सांगितलं. मग विचारलं, "त्यांनी काय उत्तर दिलं होतं?" जे त्या संध्याकाळी विचारायचं राहिलं होतं.

"वर्ग गप झालता, मॅडम. सर म्हणाले, पक्ष्यांनो, उत्तर द्या. कोनी देईना. पोरी खाली पाहत होत्या. मग मीच म्हटलं, सर तुमी सांगा. घरी सगळे मले काहीबाही सांगून राह्यले होते. सपनात येतील, तारा झाले, तुह्याच पोटी येतील. सर खिडकीपाशी गेले. परत आले. आणि म्हणाले, 'नाही.' हळू नाही. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं."

"मग?"

"मग मी खाली बसली. अन् मागून एका पोरानं विचारलं, सर, आज सुट्टी लवकर भेटल का? सगळे ओरडले, नाही! मी पन ओरडली. घसा बसला माहा." ती हसली. मग कागदाची घडी होती तशीच घालत म्हणाली, "या नं तुमी डिसेंबरात. सरांसारखाच घेते मी तो तास."

मी डायरीत लिहून घेतलं.

डिसेंबरात अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आजारपण नाही, मयत नाही, अशी माझी ती पहिलीच रजा. मोजणी त्याच आठवड्यात होती, ती पुढे ढकलली. वर्गात शेवटच्या बाकावर बसले. बाकावर कर्कटकानं कोरलेली नावं होती. तिनं माझी ओळख करून दिली नाही, मीच तशी अट घातली होती. पोरांना वाटलं असावं, कुणी तपासणीला आलं आहे, म्हणून पहिली दहा मिनिटं वर्ग फार शहाणा होता.

तिनं कविता वाचली. यांच्यासारखी नाही, जरा घाईनं. पण कवितेचा नाद मला ओळखीचा वाटला, मोरीच्या दाराबाहेरून ऐकलेला. मग वर्गाचे दोन भाग झाले आणि प्रश्न सुरू झाले.

"पप्पा मोबाइल घेऊन देतील का?"

"नाही!"

"माही रील चालल का?"

"नाही!"

"मॅडम पर्मनंट होतील का?"

"नाही!" हे सगळ्यांत जोरात. तीही हसली. "बसा खाली, मेल्यांनो. परीक्षेत पाहते एकेकाले." पुन्हा हसणं. मग ती शेवटच्या बाकाकडे पाहून म्हणाली, "मागच्या मॅडमचा प्रश्न राहिला."

मी उठून उभी राहिले. प्रश्न चिठ्ठीवर लिहून आणला होता. वाचला. "एका माणसाचं काय राहिलं होतं, ते मला कधी कळेल का?"

कोण माणूस, काय राहिलं, पोरांना काही ठाऊक नव्हतं. त्यांना त्यात रसही नव्हता. त्यांचं उत्तर तयार होतं.

"नाही!"

चाळीस गळ्यांतून, आनंदानं. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं तर दोन्ही हात पंखांसारखे हलवून दाखवले. तिच्या मैत्रिणीनं तिला कोपर मारलं.

मी खाली बसायला हवं होतं. चिठ्ठीवर तेवढंच होतं. पण मी उभीच राहिले आणि आवाज आला तो माझाच, आणि तो प्रश्न मी लिहिलेला नव्हता.

"मी रडले असते, तर आला असता का तो?"

फळ्याजवळ ती बाई एकदम थांबली. कावळा न शिवल्याचं गावभर झालं होतं, तिला कळलं. तिनं हात उचलला, पोरांना थांबवायला असावा. पण पोरं तोवर ओरडली होती.

"नाही!"

मी खाली बसले. डोळ्यांत काही आलं नाही, मी पाहिलं. पण बाकाची फळी थंड आहे हे मला कळलं, आणि बाजूच्या पोरीच्या डब्यातल्या मेथीचा वास आला, आणि ओठाच्या कडेला मुंग्या येत होत्या. पुढचा प्रश्न कुणाचा तरी क्रिकेटचा होता. त्याला सगळे ओरडले तेव्हा मीही ओरडले. फार मोठ्यानं नाही.

तास संपल्यावर तिनं कागद माझ्यासमोर धरला. समासात जागा उरली नव्हती, मग मी कागद उलटा करून मागच्या बाजूला दोन्ही प्रश्न लिहिले, वर्ष लिहिलं आणि दोघांपुढे 'नाही' लिहिलं. माझं अक्षर त्यांच्यापेक्षा मोठं आहे. कागद तिच्याकडेच ठेवला.

दुपारची एसटी सुटायला वेळ होता, म्हणून आधी घरी गेले. गॅरेज वाटेतच. भाई एका ऑटोखाली होते, नुसते पाय बाहेर. माझ्या चपला ओळखून खालूनच म्हणाले, "भाभी? जाऊन आल्या काय? काय म्हनलं मंग पाखरू?"

"नाही म्हणालं," मी म्हटलं.

 खालून पाना ठेवल्याचा आवाज आला.

"चहा सांगू?"

"सांगा," मी म्हटलं, आणि टायरच्या ढिगाशेजारच्या स्टुलावर बसले.